टर्बो वॅगनला ३ इंची कस्टम एक्झॉस्ट बसवला, आता हायवेला कानाला दडे बसतात आणि मागे धुराचा वास येतो

पाचसिलिंडर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणालाच काही कळणार नाही म्हणून.

गाडी व्होल्वो व्ही७० टी५, २००३ ची, २.३ लिटर पाच सिलिंडर टर्बो, २५० हॉर्सपॉवरवाली, मॅन्युअल. नऊ वर्षं माझ्याकडे आहे आणि विकायचा विचार कधी डोक्यातही आला नाही. मागचा सायलेन्सर सडून त्याला बोट जाईल एवढं भोक पडलं, तेव्हा म्हटलं आता बदलायचाच आहे तर एकदाच चांगला कस्टम करून घेऊ. एका फॅब्रिकेटरकडे दिली. त्याने कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागून शेवटपर्यंत सगळं नवीन केलं, ३०४ स्टेनलेसचा ३ इंची पाइप, बेंड सगळे मॅन्ड्रेलचे (आत दांडा घालून वाकवलेले, पाइप चेपत नाही), मध्ये एक छोटा सरळ रेझोनेटर (घुमणं कमी करणारा डबा) साधारण ३० सेंमीचा आणि मागे एक गोल सायलेन्सर, तोही आरपार भोकवाला. डाउनपाइप (टर्बोपासून कॅटपर्यंतचा पाइप) आणि कॅट कंपनीचेच ठेवलेत. काम दिसायला सुंदर आहे, वेल्डिंगच्या रांगा अगदी एकसारख्या.

आता तक्रारी. एक म्हणजे २३०० ते २६०० आरपीएममध्ये गाडीत असं काही घुमतं की विचारू नका. बाहेर उभं राहिलं तर आवाज छान, भरदार, पण आत बसलं की छातीत धडधडल्यासारखं होतं आणि नेमकं हायवेला पाचव्या गिअरमध्ये सुई तिथेच असते. दुसरं, ताकद वाढल्यासारखी अजिबात वाटत नाही. तिसरं, गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालली की खड्ड्यात मागून टक् असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो, सकाळी गार असताना मात्र काही नाही. आणि चौथं, मागे बसलेली मुलं म्हणतात की वास येतो, काच थोडी उघडी ठेवली तर जास्तच.

सगळं उतरवून पुन्हा कंपनीचा सायलेन्सर टाकू का? खरं सांगायचं तर मन होत नाहीये.

वॅगनवाली

बाकीचं नंतर. चौथा मुद्दा आधी आणि तो आजच. तुम्ही तो शेवटी लिहिलाय पण माझ्या मते सगळ्यात वर तोच हवा होता.

वॅगनचं मागचं दार उभं सपाट असतं, त्यामुळे गाडी पळताना त्याच्या मागे हवेची पोकळी तयार होते, दाब कमी होतो आणि धूर मागे निघून जायच्या ऐवजी त्या पोकळीत घोळत राहतो. मग डिकीच्या रबरातून, काचेच्या फटीतून, जिथे वाट मिळेल तिथून आत शिरतो. मागची काच उघडी ठेवली की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिच्या जागी हाच धूर आत येतो, म्हणून काच उघडल्यावर वास वाढतो. मुलांचं बरोबर आहे. आणि वास हा फक्त इशारा आहे हो, खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा, त्याला ना रंग ना वास, मूल मागे झोपलंय असं आपल्याला वाटतं आणि ते झोपलेलं नसतं. डोकं दुखणं, मळमळ असं कुणाला झालं तर तिथेच गाडी बाजूला घेऊन बाहेर पडायचं.

हे सुटेपर्यंत मुलांना या गाडीत बसवू नका. तुम्ही एकटे नेलीत तरी सगळ्या काचा बंद, पंखा चालू आणि हवा बाहेरची घ्यायची, आतलीच फिरवायचं बटण बंद. म्हणजे आतला दाब थोडा वर राहतो. पण हा इलाज नाही, गाडी फॅब्रिकेटरपर्यंत न्यायची एवढ्यापुरतंच.

बघायचं काय ते सांगते. पाइपचं तोंड बंपरच्या बाहेर किती आलंय? कस्टमवाले बरेचदा ते बंपरच्या आतच कापतात कारण तसं दिसायला साफ दिसतं. बंपरच्या आत दोन्ही बाजूंना गाडीतली हवा बाहेर जाण्यासाठी रबरी पडद्यांची झडप असते, बंपर काढल्याशिवाय दिसत नाही. जुन्या गाडीत त्या रबराला बाक येतो, ती उघडीच राहते. तोंड आत असेल तर धूर थेट बंपरच्या आतल्या पोकळीत आणि तिथून थेट डिकीत. माझ्या आधीच्या वॅगनला हेच झालं होतं. दोन मेकॅनिक डिकीचं रबर बदला, रबर बदला करत बसले आणि चूक होती बंपरच्या आत.

आर्गनठिणगी

मी स्वतः एक्झॉस्टचं काम करतो, बरीच वर्षं. वॅगनवाली ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. त्यात एक भर, तोंड बाहेर काढायच्या आधी सगळ्या जोडांची गळती तपासा कारण मधल्या जोडातून गळत असेल तर मागचं तोंड कितीही बाहेर काढा वास येणारच. गाडी पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकर मारणारी बाजू पाइपच्या तोंडात घालायची, भोवती ओला कपडा गुंडाळायचा आणि साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक वेल्डवर, प्रत्येक फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर), प्रत्येक क्लॅम्पवर लावत पुढे जायचं. गळत असेल तिथे फेस उठतो. नुसत्या कानाने शोधायला गेलात तर दिवस जाईल.

आता टक् आवाज. गार असताना नाही, गरम झाल्यावर येतो, इथेच उत्तर आहे. ३०४ स्टेनलेस गरम झालं की साध्या लोखंडापेक्षा बरंच जास्त लांबतं. एक मीटर पाइप एक अंश तापला की ३०४ साधारण १७ मायक्रॉन वाढतं, साधं लोखंड १२ च्या आसपास. तुमचा कॅटपासून मागेपर्यंतचा पाइप ३ मीटर धरा आणि तो ३०० अंशांनी तापला असं धरा, म्हणजे दीड सेंमी वाढ झाली. पुढचं टोक फ्लँजला बांधलेलं, त्यामुळे ती सगळी वाढ मागेच सरकणार. फॅब्रिकेटरने गार गाडीवर बोटभर जागा ठेवली असेल, गरम झाल्यावर ती उरत नाही.

दुसरी गोष्ट, त्याने काम दोन खांबांच्या लिफ्टवर केलं असणार. तिथे गाडी अधांतरी असते, मागची चाकं खाली लोंबतात. पाइप सस्पेन्शनच्या आर्ममधून वाट काढत जातो ना, मग चाकं लोंबलेली असताना जी जागा दिसते ती गाडी जमिनीवर आल्यावर तीच राहत नाही, आणि डिकीत सामान, मागे तीन माणसं म्हणजे अजून बदलली. मी टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड) मारले की आधी गाडी चाकांवर उतरवतो, मागे वजन टाकतो, मग पुन्हा बघतो आणि त्यानंतरच पूर्ण वेल्ड. वेळ जातो पण गाडी परत येत नाही.

कुठे लागतंय ते शोधायला खडू घ्या. साधा पांढरा खडू. गार पाइपवर संशय येईल तिथे तिथे चांगला जाड घासा, पाइपवर पण आणि समोरच्या पत्र्यावर, आर्मवर पण. मग अर्धा तास गाडी फिरवा, दोन-चार खड्डे घ्या, आणि निवल्यावर खाली वाका. जिथला खडू पुसलाय तिथे लागतंय. रबर हँगर लावताना गार गाडीत ते थोडे पुढच्या बाजूला कललेले ठेवायचे म्हणजे पाइप गरम होऊन मागे सरकला की ते सरळ लोंबतात. उलटं केलं तर रबर ताणून ताणून फाटतं.

आणि एक विचारतो, वेल्डिंग करताना बॅटरी काढली होती का? आणि पाइपच्या आतून आर्गन गॅस सोडला होता का? बाहेरच्या सुंदर रांगांवर जाऊ नका, आतून गॅस नसेल तर ३०४ च्या वेल्डच्या मागे काळी खरखरीत साखर जमल्यासारखी होते, तिथून पुढे चीर जाते. एखादा जोड उघडलात तर आत बोट फिरवून बघा.

धावता_डबा

ताकदीचं मी सांगतो. टर्बो गाडीत पैसा आणि मेहनत पुढून मागे लावायची, मागून पुढे नाही. टर्बाइनच्या (धुराने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या) लगेच मागे जी अडचण असते तीच सगळ्यात महाग पडते. टर्बाइन फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर, मागचा दाब जितका कमी तितकं ते लवकर फिरतं, म्हणून टर्बोला थोडा बॅकप्रेशर लागतोच हे जे लोक ऐकवतात ते चुकीचं आहे, टर्बाइनच्या मागे जेवढा कमी तेवढं चांगलं. पण तुमचा डाउनपाइप आणि कॅट कंपनीचेच आहेत, म्हणजे बाटलीची मान तीच आणि तुम्ही बूड रुंद केलंत. त्यात व्होल्वोचा ईसीयू (इंजिनचा संगणक) टॉर्कचा हिशोब धरून बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) देतो, नळी मोकळी झाली म्हणून तो आपणहून जास्त देत नाही. म्हणून काही वाटत नाहीये, फॅब्रिकेटरचा यात दोष नाही.

दुसरं, मागे ३ इंच लागतोच का? अडीच इंची पाइपची भिंत दीड मिमी धरली तर आतलं तोंड साधारण २९ चौरस सेंमी भरतं, ३ इंचीचं जवळपास ४२. म्हणजे दीडपटीला थोडं कमी. पण गॅस मागे जाता जाता निवतो आणि आकसतो. टर्बोपाशी ८०० अंश असेल आणि मागच्या सायलेन्सरपाशी ४०० उरला तर त्याचं आकारमान तिथे सदतीस-अडतीस टक्क्यांनी कमी झालेलं असतं. मग पुढे ३ आणि मागे अडीच हे पूर्ण शहाणपणाचं आहे, २५०-३०० हॉर्सपॉवरला अडीच इंच मागे मुळीच अडत नाही. मी तर म्हणेन मागचा अर्धा भाग अडीचचा करून मोठा सायलेन्सर टाका, घुमणं पण जाईल.

पुढे कधी डाउनपाइप केलात तर ईसीयूचं ट्यूनिंग त्याच दिवशी. मोकळ्या डाउनपाइपवर वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) पुरं पडत नाही, वरच्या आरपीएमला बूस्ट ठरवलेल्यापेक्षा चढत जातो आणि मग ईसीयू इंधन तोडतो, गाडी आचका देते. आणि कॅट काढू नका, २०० सेलची (दर चौरस इंचाला २०० छिद्रं) चांगली कॅट मिळते, तिच्यातून गॅस बराच मोकळा जातो. कॅट काढणं बहुतेक देशांत कायद्याने चालत नाही आणि खरं सांगू, बिनकॅटच्या गाडीमागे उभं राहवत नाही.

कंपनसंख्या

अडीच इंच केल्याने घुमणं जाईल हे मला पटत नाही. कमी होईल, जाणार नाही.

पाच सिलिंडर चार स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पाच स्फोट, म्हणजे एका फेरीला अडीच. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, गुणिले अडीच, १०० हर्ट्झ. पाच सिलिंडरचा तो जो खास कळवळल्यासारखा आवाज आहे तो या अडीचमुळेच, ऑडी आरएस२ अवांतमध्ये तोच, १९९४ साली व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत ८५० ची वॅगन उतरवली होती तिच्यात पण तोच, तिला तर टर्बो पण नव्हता. अजून ते जुने व्हिडिओ लावले की अंगावर काटा येतो. असो.

तर तुम्हाला त्रास देतोय तो १०० हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर. आरपार भोकवाल्या सायलेन्सरमध्ये जी लोकर भरलेली असते ती वरचे, तीक्ष्ण आवाज चांगले खाते पण इतक्या खालच्या सुराला ती जवळपास पारदर्शक असते. म्हणून बाहेर आवाज गोड आणि आत घुमतं. शिवाय सेदानमध्ये मागच्या सीटच्या मागे पत्रा आणि पार्सल ट्रे आडवा असतो, डिकी वेगळी खोली असते. वॅगन म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एकच खोली, आणि सायलेन्सर नेमका तिच्या मागच्या जमिनीखाली. तोच एक्झॉस्ट सेदानला लावला असता तर तुम्ही हा धागा काढला नसतात बहुधा.

याला उपाय आंधळी नळी. मुख्य पाइपला एक फाटा काढायचा, त्याचं दुसरं टोक बंद. सूर फाट्यात जातो, बंद टोकाला आपटून परत येतो, आणि लांबी जर लहरीच्या पाव इतकी असेल तर तो बरोबर उलटा होऊन येतो आणि मूळ सुराला मारतो. गॅसच्या वाटेत काहीच आडवं येत नाही म्हणून ताकदीला धक्का नाही. लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले चार वेळा हर्ट्झ. इथे सगळे चुकतात ते वेगात. गार हवेचा ३४३ मीटर धरला तर ८६ सेंमी येतं आणि मग नळी बसवून पण काही फरक पडत नाही म्हणून लोक चिडतात. गरम गॅसमध्ये ध्वनी जोरात पळतो. २०० अंशाला सेकंदाला साधारण ४३६ मीटर, म्हणजे लांबी १०९ सेंमी. ३०० अंशाला ४८० मीटर, १२० सेंमी. आंधळ्या नळीतून वाहतं काही नाही त्यामुळे ती मुख्य पाइपपेक्षा बरीच गार असते, मी २०० च्या आसपास धरून सुरुवात करेन आणि शेवटचं टोपण लगेच वेल्ड करणार नाही, सरकणारं ठेवेन.

आर्गनठिणगी

कंपनसंख्या यांचं बरोबर, मी असे फाटे केलेत. टोपणाचं असं करायचं, एका आकाराचा पाइप दुसऱ्यात घट्ट बसेल असा घ्यायचा आणि क्लॅम्प मारायचा, दहा-बारा सेंमी मागेपुढे करता आलं पाहिजे. नळी वाकवून मुख्य पाइपला समांतर परत पुढे घ्या, वॅगनखाली स्पेअर व्हीलच्या बाजूला जागा मिळते. बंद टोक जोडापेक्षा थोडं वर ठेवा नाहीतर पाणी साठतं, रोज सकाळी गार इंजिनातून जी वाफ येते ती तिथेच निवून बसते आणि आतून खाते.

पाचसिलिंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. वॅगनवाली ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी गाडी लावून ठेवली. शनिवारी बंपर काढला. तोंड बंपरच्या कडेपासून ३ सेंमी आत कापलेलं आहे आणि डाव्या झडपेचे दोन रबरी पडदे खरंच वर वळलेत, त्यांच्यावर काजळी जमलीय, बोट लावलं तर बोट काळं झालं. ती काजळी बघून पोटात गोळा आला. मुलं त्याच बाजूला बसतात.

व्हॅक्यूम क्लीनरचं पण केलं. वेल्ड सगळे कोरडे, पण रेझोनेटरच्या मागे जो साधा क्लॅम्पचा जोड आहे तिथे फेस नाही तर चक्क फुगे यायला लागले, नखाएवढे. खडूही लावला होता, मागच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या) वरच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी पुसली गेलीय.

बॅटरीचं फॅब्रिकेटरला विचारलं, काढली होती म्हणाला. आतून गॅस सोडला होता का ते विचारल्यावर जरा थांबला आणि मग म्हणाला की सगळ्या जोडांना नाही. बुधवारी नेतोय, फाट्याचं चित्र काढून नेतोय.

धावता_डबा

तो क्लॅम्पचा जोड काढून तिथे व्ही-बँड (दोन्ही कडा एकत्र आवळणारा गोल पट्टा) लावून घ्या, पुन्हा उघडायला सोपा आणि गळत नाही. ज्या जोडांना आतून गॅस नव्हता ते पण त्याच वेळी उघडून बघा. आणि मागच्या अर्ध्या भागाचं माझं मत मी बदललेलं नाही, पण फाटा आधी करून बघा, पटलं.

वॅगनवाली

पडदे नवीनच घ्या, जुने सरळ करून बसवू नका, ते परत वळतात. आणि काम झाल्यावर डिकीत कार्बन मोनॉक्साइडचा छोटा मीटर ठेवून एक चक्कर मारा, वासावर विश्वास ठेवू नका.

पाचसिलिंडर

तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं.

तोंड बाहेर काढलं, बंपरच्या कडेच्या पुढे ४ सेंमी आणि किंचित खाली वळवून. झडपेचे पडदे दोन्ही बाजूंचे नवीन. मधला जोड व्ही-बँड. दोन वेल्ड आतून खरखरीत निघाले, ते कापून पुन्हा केले, यावेळी मी तिथे उभा होतो आणि आर्गनची नळी आत जाताना बघितली. मीटर डिकीत ठेवून दीड तास फिरलो, आधी एकटा, मग बायको मागे बसून, काटा शून्यावरून हलला नाही. त्यानंतरच मुलांना बसवलं.

सबफ्रेमपाशी बेंड थोडा खाली घेतला, मागे सामानाच्या गोण्या टाकून, गाडी चाकांवर उभी करून बघितलं. टक् बंद.

फाटा १०५ सेंमीपासून सुरू केला. पहिल्या चकरेत फरक पडला पण घुमणं २५०० च्या वर सरकल्यासारखं वाटलं, २३०० ला शांत. मग वाटलं आपण उलटं करतोय का, म्हणून टोपण आत ढकलायच्या ऐवजी बाहेर ओढलं तर वाईट झालं, मग आत ढकललं. असं सहा वेळा, प्रत्येक वेळी गाडी गरम करायची, हायवेला जायचं, यायचं, निवायची वाट बघायची, क्लॅम्प सोडायचा. फॅब्रिकेटरचा मुलगा शेजारी बसून फोनवर आवाजाचा आलेख बघत होता. शेवटी १०१ ला थांबलो. १०० हर्ट्झपाशी जो सुळका होता तो आता आलेखात शोधावा लागतो.

कंपनसंख्या, तुमच्या हिशोबापेक्षा ८ सेंमी कमी निघालं, म्हणजे माझी नळी २०० पेक्षा बरीच गार राहते असं दिसतं, अगदी मागे आहे आणि तिला वारा लागतो. तेवढं टोपण सरकतं ठेवायला सांगितलंत म्हणून जमलं, वेल्ड केलं असतं तर पुन्हा कापावं लागलं असतं. टोपण आता पक्कं केलंय.

काल रात्री चार तासांचा प्रवास झाला. पाचव्या गिअरमध्ये २४०० ला धाकटी मागे झोपली होती आणि मोठा पुढे बसून हळू आवाजात बोलत होता, मला ऐकू येत होतं. बोगद्यात मुद्दाम तिसरा टाकून एकदा दाबली, तो पाच सिलिंडरचा आवाज भिंतीवरून परत आला, आणि धाकटी उठली नाही.

डाउनपाइपचं पुढच्या वर्षी बघू, ट्यूनिंगसकट.